तक्रारीसाठी संपर्क : आकांक्षा

६ जानेवारी, सोमवार

आज स्टिकर छापून आले. ‘वावरराखण झटका मशीन. तक्रारीसाठी संपर्क : आकांक्षा.’ खाली माझा मोबाईल नंबर. आडनाव बसत नव्हतं म्हणून किशनराव सरांनी काढायला सांगितलं. बरंच झालं. मोठ्या लोकांना आडनाव लागत नाही.

वस्तूवर एका जबाबदार माणसाचं नाव लागतं. आमच्या कंपनीत तीन माणसं. मालक किशनराव सर, गाडी चालवणारे आणि मशीन विकणारे मुन्नाभाऊ, आणि मी. मुन्नाभाऊ म्हणाले माझं नको, मला लेकरंबाळं आहेत. सर म्हणाले माझं नको, मला बीपी आहे. अशा रीतीने माझी एकमताने निवड झाली.

व्हिजिटिंग कार्डंही आली. मी ‘कम्प्लायन्स ऑफिसर’ सांगितलं होतं. छापलंय ‘कंप्लेंट ऑफिसर’. सर म्हणाले एकच हाय ते. एकच नाही. पेनने दुरुस्त करायला घेतली. थोडी झाली, बाकीची रविवारी. कार्ड द्यायला अजून कुणी भेटलेलं नाही, त्यामुळे घाई नाही.

९ जानेवारी, गुरुवार

जबाबदारी स्पष्ट राहावी म्हणून लिहून ठेवते.

मशीन आम्ही बनवत नाही. दिल्लीकडची एक फॅक्टरी बनवते. फॅक्टरीला आतलं सर्किट दुसरा कुणीतरी देतो, खोकं तिसरा. आम्ही इथे वारंगा फाट्यावर स्टिकर लावतो. म्हणजे शेवटचा हात आमचा. खरं तर माझा. स्टिकर मीच लावते, कारण मुन्नाभाऊ तिरके लावतात.

वावराभोवती तार, तारेत झटका. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं पळतात, मरत नाहीत. कारण झटका क्षणभराचा असतो. टक्. मग थांबतो. टक्. मग थांबतो. ती मधली थांबायची जागा हीच सेफ्टी. तेवढ्या वेळात माणूस हात सोडवून घेतो. झटका सलग आला तर हात तारेला चिकटेल. मला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

मुन्नाभाऊंना समजावून सांगितलं. ते म्हणाले मॅडम, चहा घेता का?

तिसरीपर्यंत मला आईने घरीच शिकवलं. आमच्या गावाहून शाळेत जायचं म्हणजे सेनगावच्या रस्त्यापर्यंत चालत यायचं, आणि माझी तब्येत नाजूक. तिचा एकच नियम. पाटी भरली की खाली नाव लिहायचं. नाव लिहिलं की वरचं सगळं आपलं, चूकसुद्धा. मी नाव लिहायच्या आधी पाटी इतक्या वेळा तपासायची की अक्षरं पुसून जायची. मग परत लिहायचं. एका पाटीत दिवस जायचा. या पदासाठी मी लहानपणापासूनच तयार होत होते असं आता वाटतं.

१२ जानेवारी, रविवार

पहिला कॉल! सकाळी. उचलायच्या आधी घसा साफ केला.

सेनगावजवळचे सोनाजी म्हणून आहेत. वावरातच राहतात. म्हणाले, आकांक्षा झटका देऊन न्हाई राहिली. मी म्हटलं, मी आकांक्षाच बोलतेय. ते म्हणाले, तुमी न्हाई बाई, मशीन.

त्यांनी स्टिकर वाचलं आणि मशीनचं नावच आकांक्षा समजले. मी खुलासा केला. ते म्हणाले व्हय व्हय. आणि लगेच, मंग आकांक्षाला काय झालं असंल?

बॅटरी, तार, अर्थिंग, सगळं विचारलं. सगळं बराबर आहे म्हणाले. मग त्यांनी माझं जेवण झालं का विचारलं. तपासाशी संबंध नव्हता, तरी उत्तर दिलं. कस्टमरशी सलोखा ठेवावा लागतो.

केस नंबर एक उघडली. कार्डं राहिली.

१५ जानेवारी, बुधवार

कॉल वाढले. काल संक्रांत होती, तरी तिघांचे आले. सगळ्यांची तक्रार एकच, झटका कमी लागतो. सेफ्टीबद्दल एकाचीही तक्रार नाही. याचा अर्थ माझं काम उत्तम चाललंय.

खाली घरमालकीण रूपाबाई राहतात. जिन्यात गाठून म्हणाल्या, काय गं, लगन जमलं का काय? फोन थांबून न्हाई राहिला तुझा. मी म्हटलं ऑफिसचे कॉल आहेत. त्या म्हणाल्या सगळ्याच असंच म्हणत्यात.

तिळगूळ द्यायला म्हणून आणला होता. संध्याकाळी मीच खाल्ला. ऑफिसमध्ये सर आणि मुन्नाभाऊ सुट्टीवर होते.

सोनाजींचा रोज कॉल येतो. केस गंभीर आहे. आज म्हणाले झटका न्हाईच, पर रोही आली व्हती, पिल्लू व्हतं संगं, हरभऱ्यात उभी राहून माझ्याकडंच बघत व्हती. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? म्हणाले काय करणार, मी बी बघितलं.

१८ जानेवारी, शनिवार

ठरवलं. आता फॅक्टरीशी ठामपणे बोलायचं. तिथले पांडेजी आमचं काम बघतात. आवाज मोठा, फोनवर सारखी मागे मशीन चालू असते. मी आधी उभी राहून प्रॅक्टिस केली, मग लावला. माझ्या हिंदीबद्दल मला खात्री आहे.

त्यांना स्पष्ट म्हटलं, झटका बराबर आना चाहिए. ते म्हणाले, बराबर? म्हटलं हां, बराबर. एकदम बराबर. ते म्हणाले हो जाएगा मैडम, अगले लॉट में. नंतर व्हॉट्सॲपवर लेखी पण टाकलं. लेखी असलेलं बरं.

एका फोनमध्ये काम. सर म्हणाले, वा. सर सहसा एवढं बोलत नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

नवीन लॉट आला. दिवसभर तपासणी. स्क्रू सगळे घट्ट. खोक्यांना तडा नाही. एका स्टिकरवर काना पुसट होता, तो बदलला. झालेलं सगळं परत एकदा तपासलं. मुन्नाभाऊ गाडी लावून बसले होते, दोनदा हॉर्न वाजवला. मी दबावाला बळी पडले नाही.

गोदामात भिंतीला एक तार ताणलेली आहे, तिला टेस्टरचा छोटा दिवा लावून बघते. जुन्या लॉटमध्ये हा दिवा लुकलुकायचा, डोळ्याला त्रास व्हायचा. आता छान स्थिर जळतो. आवाजही टक् टक् असा तुटक नाही, टर्रर्र असा एकसारखा आहे. क्वालिटीत फरक पडलाय हे मान्य करावं लागेल. कुणीतरी ठाम बोलायला पाहिजे होतं, एवढंच.

ओके. खाली नाव.

त्यातलं एक मशीन केस नंबर एकला बदलून द्यायला सांगितलं. हा निर्णय माझा. मुन्नाभाऊ म्हणाले, तेवढ्यासाठी सेनगाव? म्हटलं, हो.

२७ जानेवारी, सोमवार

सगळीकडून अभिनंदन. आता आकांक्षा बराबर चालून राहिली, असे चार कॉल. रूपाबाईंचा दीर फाट्यावरच्या आमच्या दुकानात आला आणि म्हणाला, एक आकांक्षा द्या. माझ्यासमोर. मी थोडी लाजले, पण हा ब्रँडचा विजय आहे.

सोनाजींना मशीन मिळालं. म्हणाले लई जोर हाय. आईचा पण फोन आला. कधी येतीस म्हणाली. म्हटलं, सध्या कॉल असतात, लोक माझ्यावर अवलंबून आहेत. ती म्हणाली, बरं. मग रेंज गेली.

३० जानेवारी, गुरुवार

कुरुंद्याच्या मंजुळाबाईंची तक्रार. कोंबडी तारेला चिकटली. उडाली नाही, ओरडली नाही, तशीच चिकटून राहिली. मशीन बंद केल्यावर खाली पडली. मेली.

मी सांगितलं की मशीन रोही आणि डुकरांसाठी आहे, कोंबडी आमच्या कक्षेत येत नाही. मंजुळाबाई म्हणाल्या, कोंबडीला वाचता येतं का? मुद्दा बरोबर होता, तरी केस बंद केली.

रात्री जेवताना ‘चिकटली’ हा शब्द सारखा आठवत होता. का ते कळलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

कळलं. सकाळी, दात घासताना.

गोदामात जाऊन दिवा परत लावला. स्थिर. अगदी स्थिर. मधली जागाच नाही.

पांडेजींना फोन. ते म्हणाले, मैडम आपने ही तो बोला था, झटका बराबर आना चाहिए. अब बराबर आ रहा है. लगातार. बीच का गैप निकलवा दिया.

आमच्याकडे बराबर म्हणजे नीट. असायला हवं तसं. त्यांच्याकडे बराबर म्हणजे सारखं, न थांबता. मी दोन वेळा म्हटलं होतं. वर एकदम.

दोष हिंदी भाषेचा आहे हे उघड आहे. पण त्या भाषेचं नाव स्टिकरवर नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

सरांना मेल केला. सर समोरच्याच टेबलावर बसतात, पण लेखी असलेलं बरं. त्यांनी वाचला नाही, म्हणून वाचून दाखवला. माणूस मरू शकतो, असं शेवटचं वाक्य होतं. ते दोनदा वाचून दाखवलं.

सर म्हणाले, बनवली कुणी? फॅक्टरीनं. मंग जबाबदारी फॅक्टरीची. पांडेजी म्हणाले, ब्रँड आपका, फॅक्टरी की क्या ज़िम्मेदारी? त्यांनी सर्किटवाल्याचं नाव घेतलं, तो फोन उचलत नाही. मुन्नाभाऊ म्हणाले, मी तर निस्तं पोचवतो. मग सगळ्यांनी, एकेक करून, खोक्यावरचं स्टिकर दाखवलं. पांडेजींनी तर त्याचा फोटो पाठवला.

एकंदरीत माझं स्थान आता सर्वांनी मान्य केलेलं आहे.

दुपारी १

ठरवलं, सर्वांना फोन करून मशीन बंद करायला लावायचं. संध्याकाळपर्यंत काम संपेल.

संध्याकाळी

ज्यांनी तक्रार केली होती त्यांचेच नंबर माझ्याकडे आहेत. ज्यांची तक्रार नाही ते कोण, कुठे, काही माहीत नाही. मुन्नाभाऊंना विचारलं कुणाला विकलं. म्हणाले, जो हात दाखवील त्याला.

आणि ज्यांना फोन लागला ते बंद करायला तयार नाहीत. एक जण म्हणाले, आता कुठं आकांक्षा कामाला लागली, तर तुमी बंद करा म्हणता? तुमी कोण? म्हटलं, आकांक्षा. त्यांनी फोन ठेवला.

मंजुळाबाईंनी तेवढं लगेच बंद केलं. त्यांना कोंबडी आठवत होती.

सोनाजींचा फोन बंद.

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन बंद. काल दिवसभर बंद. आज सकाळीही. ते रोज सकाळी तारेजवळून बोलतात. मागे तार वाजताना ऐकू यायची.

सरांना रजा मागितली. कशाला म्हणाले. म्हटलं, केस नंबर एक. सर म्हणाले, मरण तर न्हाई ना पावलं कुणी? गमतीत म्हणाले.

उद्या पहिल्या गाडीने. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. कुणाशी बोलायचं ते ठरवलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सेनगावपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे चालत. जीपवाल्याला सोनाजींचं वावर विचारलं, तो म्हणाला, आकांक्षावालं का?

हरभरा घाट्यांवर आलेला. तार दिसली. बांधावर कुणी नव्हतं. मी तारेपासून दूर उभी राहून हाका मारल्या. काय नावाने हाक मारायची ते ठरलं नव्हतं. फोनवर मी त्यांना नुसतं ‘बोला’ म्हणायचे. शेवटी जोरात म्हटलं, केस नंबर एक!

मग सोनाजीकाका! असं ओरडले. झोपडीमागून ते बाहेर आले. हातात पातेलं. पायाशी तार, आणि ते सरळ तार हाताने धरून ओलांडायला लागले.

मी किंचाळले. ते थांबले. म्हणाले काहून वरडता बाई, मेलेली हाय ती.

तार मेलेली होती. बॅटरी संपलेली. सलग झटका देऊन देऊन मशीनने चार दिवसांत बॅटरी खाल्ली. ज्यामुळे जीव जाणार होता, त्यामुळेच वाचला. मी तिथेच बांधावर बसले. ते म्हणाले, पाणी पेता का.

मग खरा उलगडा झाला. झोपडीत बघितलं तर बॅटरीला दोन चिमटे लावलेले, त्यातून वायर, वायरीला फोनचं चार्जर. मशीन घेतलं तेव्हापासून ते याच बॅटरीवर फोन चार्ज करतात. म्हणून बॅटरी उतरायची. म्हणून झटका कमी लागायचा. मग ते मला फोन करायचे की झटका लागून न्हाई राहिला. त्या फोनसाठी परत बॅटरी. आता बॅटरीच गेली, म्हणून फोन बंद.

म्हणजे पहिल्या मशीनमध्ये दोष नव्हताच. त्यांच्या तक्रारीवरून मी पांडेजींना बराबर म्हटलं.

एवढे फोन कशाला करत होता, असं विचारलं. ते हरभऱ्याच्या डहाळ्या जाळावर धरत होते. म्हणाले, पोरांला लावला तर ते म्हणत्यात कामात हाये. त्या खोक्यावर लिहिलं व्हतं ना, तक्रारीसाठी. मंग तक्रार सांगावं लागंल ना काही.

हुळा खाल्ला. हात काळे झाले. इतकं गरम बऱ्याच दिवसांनी खाल्लं. त्यांनी गावचं, आईचं, सगळं विचारलं, आणि म्हणाले, आवाजावरून तुमी मोठ्या वाटल्या व्हत्या.

निघताना कर्तव्य म्हणून सांगितलं की मशीनच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचा नाही. ते म्हणाले, मंग कशावर? म्हटलं, गावात जाऊन. ते म्हणाले, मंग वावरातून बोलू कसा? म्हटलं, नियम आहे. ते म्हणाले, व्हय, नियम हाय तर.

मशीन काढून घेतलं, बदलून पाठवते म्हटलं. चिमटेही मीच काढून आणले. आता टेबलावर आहेत. मूळ कारण सापडलं. भेट यशस्वी.

माझं गाव तिथून जवळ होतं. पण शेवटची गाडी गाठायची होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळा लॉट परत येतोय! माझ्या मेलमुळे नाही. बॅटरी उतरते म्हणून लोकांनी मशीन दुकानात आणून आदळली. काहींनी मुन्नाभाऊंची गाडी अडवली. सरांनी फॅक्टरीला पत्र लिहिलं, कारण : बॅटरी. मी म्हटलं, कारण सेफ्टी लिहा. सर म्हणाले, बॅटरीचं त्यांला समजतं.

किती विकली ते मुन्नाभाऊंना आठवत नाही, म्हणून सगळी आली का ते सांगता येत नाही. त्यांच्या गाडीत बसून तीन दिवस फिरले. जिथे तार दिसली तिथे उतरायचं, कान देऊन ऐकायचं. टर्रर्र आवाज असला तर उचलून आणायचं. शेवटच्या दिवशी मुन्नाभाऊपण कान देत होते.

कुणाला काही झालं नाही. कोंबडी सोडून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन लॉट. पांडेजींशी बोलताना यावेळी ‘ठीक’, ‘सही’, ‘बराबर’ असा एकही शब्द वापरला नाही. नुसते आकडे पाठवले.

दिवा लुकलुकतो. तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. तारेला स्वतः बोट लावलं. फार वेळ लागला लावायला. झटका दंडापर्यंत गेला. मग मधली जागा आली, हात आपोआप सुटला. गोदामात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ओरडले ते कुणी ऐकलं नाही.

ओके. खाली नाव लिहायला गेले तर स्टिकर बदललेलं. ‘वावरराखण आकांक्षा’ असं मोठ्या अक्षरात मॉडेलचं नाव. लोक त्याच नावाने मागतात म्हणून सरांनी ठेवलं. तक्रारीसाठी टोल फ्री नंबर. ते काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं. सर म्हणाले, मॅडम, तुमचा ताप कमी केला.

त्यांनी माझा विचार केला हे महत्त्वाचं. आता मला खऱ्या कम्प्लायन्ससाठी वेळ मिळेल. कार्डंही पूर्ण होतील.

२ मार्च, रविवार

कार्डं पूर्ण झाली.

फोन सकाळपासून टेबलावर आहे. चार्ज पूर्ण आहे. मध्ये एकदा वाजला, रिचार्जचा मेसेज होता. रूपाबाई म्हणाल्या, मोडलं का गं लगन?

सोनाजींचा आला नाही. बदलून पाठवलेल्या नवीन मशीनचं स्टिकर त्यांनी वाचलं असणार. त्यावर नंबर वेगळा आहे. गावात गेल्यावर त्याच नंबरला लावत असतील. तो लागतो की नाही हे तपासणं माझ्या कामात येतं, म्हणून दुपारी स्वतः लावून बघितला.

लगेच लागला. मुलगी होती, माझ्याच वयाची असेल. आवाज चांगला. म्हणाली, बोला, तुमची काय तक्रार आहे? तक्रार काही नव्हती. ती म्हणाली, मॅडम, तक्रार नसेल तर कॉल बंद करते.

म्हटलं, थांबा. झटका बराबर लागून नाही राहिला.

ती म्हणाली, बरं, लिहून घेते. नाव सांगा.

म्हटलं, आकांक्षा.

ती म्हणाली, मशीनचं नाही हो, तुमचं.